फायटरसाठी फिल्टर हवाय, पण पाण्याला जोर नको

कोथरूडची_कैरी

मंडळी, मदत हवी आहे. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला तिच्या हट्टापायी घरात मासा आला. निळा-जांभळा, अर्ध्या चंद्रासारखी शेपटी पसरणारा बेट्टा. दुकानात सगळे त्याला फायटर म्हणतात. आम्ही नाव ठेवलंय पंत, कारण उपरणं सावरत निघाल्यासारखा पोहतो. बरणीत ठेवायचा नाही एवढं आधी वाचलं होतं, म्हणून 15 बाय 10 बाय 10 इंचाची टाकी घेतली, झाकण घेतलं, 50 वॉटचा हीटर घेतला. फिल्टर मागितला तर दुकानदाराने काचेला आतून चिकटणारा, मोटरवाला फिल्टर दिला. खोक्यावर लिहिलंय, ताशी 400 लिटर.

तो चालू केला की पंत हीटरच्या मागे जाऊन बसतो. दाणा खायला वर आला की झोत त्याला धरून थेट पलीकडच्या काचेवर नेऊन आपटतो. काल शेपटीला चीर दिसली. फिल्टर बंद ठेवला तर चौथ्या दिवशी पाणी दुधाळ आणि वर वास. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "ताई, फायटरला फिल्टर लागतच नाही, तो वरची हवा घेतो." मग मला विकलास कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

तर असा कोणता फिल्टर आहे, जो पाणी साफ ठेवेल पण पंतांचं उपरणं उडवणार नाही?

साडेसाती

पंतांना पंख्याखाली बसवलंत तर उपरणं उडणारच.

निवांत_नाना

आमच्या लहानपणी बोर्नव्हिटाच्या बाटलीत फायटर ठेवायचो. रविवारी अर्धं पाणी बदलायचं, डासांच्या अळ्या घालायच्या. दीड-दोन वर्षं आरामात जगायचा. ना हीटर, ना फिल्टर. आता माशाच्या टाकीत माझ्या खोलीपेक्षा जास्त उपकरणं असतात. दुकानदाराचं चुकलेलं नाही.

मुळामुठा

नाना, अर्धं खरं आहे. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या-घड्यांचा एक खास अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याने तो वर येऊन हवा घेतो, त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी असला तरी गुदमरत नाही. दुकानदार सांगतो ते इथपर्यंतच. फिल्टर मात्र केवळ प्राणवायूसाठी नसतो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेला दाणा कुजून त्यात भर घालतो. वरून घेतलेल्या हवेने पाण्यातला अमोनिया कमी होत नाही. बरणीतले मासे हळूहळू त्यातच भाजत असतात आणि आपण म्हणतो, शांत स्वभावाचा आहे.

फिल्टरमध्ये कचरा अडतो हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम त्यातले जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरा बराच सौम्य. तो आठवड्याच्या पाणी बदलण्यात निघून जातो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खडबडीत पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून त्यांना भरपूर जागा आणि त्यावरून संथपणे जाणारं पाणी हवं.

कैरीताई, तुमची टाकी काठोकाठ भरली तर साडेचोवीस लिटर होते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की 20. ताशी 400 म्हणजे सगळं पाणी तासाला वीस वेळा फिरतंय. साध्या माशांसाठी चार-पाच वेळा पुरतं, फायटरला त्याहून कमी चालतं. तो फिल्टर परत घेत असतील तर द्या आणि स्पंज फिल्टर आणा. हवेचा छोटा पंप, नळी आणि स्पंजचा ठोकळा. मोटर पाण्यात नाही, झोत नाही. बुडबुडे मधल्या नळीतून वर जातात आणि त्यांच्याबरोबर पाणी स्पंजमधून ओढलं जातं. दिसायला गबाळा, पण या कामाला त्याच्यासारखा नाही.

कोथरूडची_कैरी

मुळामुठा, "त्यातच भाजत असतात" वाचून लेक रडायला लागली. पण उपयोगी. गबाळा म्हणजे किती गबाळा? टाकी दिवाणखान्यात आहे.

मुळामुठा

भांडी घासायच्या काळ्या स्पंजला काठी टोचून उभा केल्यासारखा. पुढे जावा फर्न नावाचं पाणझाड लावा, दिसणार नाही.

ठाणे_स्लो

स्पंज फिल्टर चांगला, पण तोच एक उपाय असं नाही. माझ्याकडे काचेवर मागे लटकणारा फिल्टर आहे, ज्यातून पाणी धबधब्यासारखं पडतं. दीड फुटी टाकी, फायटर पावणेदोन वर्षांचा, ठणठणीत. मी केलेले उद्योग सांगतो. पाणी जिथून ओढलं जातं त्या जाळीवर स्पंजची टोपी चढवली. त्यामुळे ओढ कमी झाली, शेपटी अडकायची भीती गेली आणि जिवाणूंना जास्तीची जागा मिळाली. मग पाण्याच्या बाटलीचा मधला भाग गोल कापून धबधब्याच्या तोंडाला उलटा अडकवला. पाणी थेट खाली न पडता बाटलीत जमतं आणि कडांवरून पसरतं. तिसरं म्हणजे टाकीतलं पाणी फिल्टरच्या ओठाला लागेल इतकं वर ठेवायचं. धबधबा जितका उंच, तितकी खळबळ जास्त.

फक्त पाणी तेवढं वर ठेवायचं तर झाकण घट्ट हवं. फायटर उडी मारतो. एकदा माझा झाकणाच्या फटीतून थेट सोफ्याच्या कव्हरवर. बायको म्हणाली, "कव्हर धुवायचं होतंच."

साडेसाती

फायटर वाचला का?

ठाणे_स्लो

वाचला. कव्हरही धुतलं.

वऱ्हाडी_वांगं

माझा किस्सा ऐका बाप्पा. नागपुरात मे महिना, फिल्टर बंद पडला, दुकान बंद. मी डोकं लावलं. कूलरचा जुना पंप धुऊन टाकीत सोडला, तोंडाला कापूस बांधला. मनात म्हटलं, पाणी तर फिरवतोच ना. चालू केला अन् टाकीचं वॉशिंग मशीन झालं. मासा, गोटे, प्लास्टिकचं झाड, सगळं एका दिशेनं गरगर. भावानं प्लग खेचला म्हणून जमलं. मासा दोन दिवस कोपऱ्यात रुसून होता.

त्यातून एक कळलं. आमच्याकडं उन्हाळ्यात टाकीचं पाणी 33-34 अंशावर जातं, अन् गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासा वरून हवा घेईन, पण फिल्टरमधल्या जिवाणूंचं काय? त्यांना प्राणवायू पाण्यातूनच लागतो. म्हणून उन्हाळ्यात बुडबुडे बंद नाही करायचे, हळू करायचे.

मुळामुठा

वऱ्हाडी भाऊ, कूलरचा पंप! दंडवत. मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर.

भातखाचर

मी कुडाळचा. तुम्ही सगळे "फायटर साचलेल्या पाण्यातला मासा" असं धरून चाललाय, तिथे थोडी गल्लत आहे. तो मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, दलदलीतला, गवताळ ओढ्यांतला. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात शिरतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना खाचराचं पाणी कसं असतं ते ठाऊक असेल. वरवर बघणाऱ्याला साचलेलं वाटतं, पण या बांधाच्या भोकातून त्या खाचरात सतत झिरपत असतं. पान टाकलंत तर सावकाश सरकताना दिसेल. पाणी उथळ, पण विस्तार एकरभर. चिखल, मुळं, शेवाळ, कुजका पाला, सगळं घाण पचवायला बसलेलं. खाचर हाच एक मोठा फिल्टर आहे. बोर्नव्हिटाच्या बाटलीत यातलं काय आहे?

मरळसुद्धा वर येऊन हवा घेते. पण तेवढ्यासाठी तिला कोणी बाटलीत ठेवत नाही.

साडेसाती

मरळ ठेवायची जागा ताट.

भातखाचर

ता सांगूक नको.

निवांत_नाना

खाचराचा मुद्दा पटला हो. बाटलीतला मासा दीड-दोन वर्षं जगायचा म्हणालो, त्यात एक गाळलं. प्रत्येक बाटलीतला नाही. जे जगले ते लक्षात राहिले.

बँकॉकचा_बाबू

नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे. थाई लोक याला प्ला कट म्हणतात, अर्थ 'चावणारा मासा'. 2019 मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. चतुचक बाजारात शनिवार-रविवारी काचेच्या चौकोनी बरण्यांच्या रांगा असतात आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, शेजारी दिसला की दोघेही फुलून भांडायला उठतात म्हणून. पण तिथला विक्रेता पाणी सारखं बदलत असतो. बरणी ही दुकानाची सोय आहे. आपण तेवढीच बघतो आणि तिलाच घर समजतो.

आखूड पंखांचा, लढाऊ जातीचा असेल तर तो थोडा प्रवाह सहज पेलतो. कैरीताईंचा अर्धचंद्र आहे. निवडून निवडून वाढवलेली एवढी मोठी शेपटी म्हणजे पाण्यात भिजलेला लेहंगा. त्याला साधा झोतही जड.

शेवंती

मी उलट मत मांडते. माझ्या 30 लिटरच्या टाकीत फिल्टरच नाही. खाली मातीचा थर, त्यावर वाळू, भरगच्च झाडं आणि मागच्या कोपऱ्यात मनी प्लांटच्या फांद्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. एकच फायटर, दिवसाला तीन दाणे, आठवड्यात एक उपवास. दोन वर्षं झाली. झाडं अमोनिया थेट खातात. झोत शून्य, आवाज शून्य, बिल शून्य. नव्या माणसाला लगेच वस्तू विकत घ्यायला लावायची आपली सवय मला पटत नाही.

मुळामुठा

शेवंती, तुमच्या टाकीचे फोटो पाहिलेत, सुंदर आहे. पण तुम्ही तिच्यात मासा सोडण्याआधी किती दिवस थांबलात ते सांगा.

शेवंती

सात आठवडे.

मुळामुठा

तेच म्हणतोय. कैरीताईंचा मासा आत्ता त्या पाण्यात आहे. झाडं रुजेपर्यंत त्याने काय करायचं? शिवाय दुधाळ पाणी आणि वास म्हणजे टाकी अजून बसलेली नाही, जिवाणू पुरेसे वाढलेले नाहीत. स्पंज आणि मनी प्लांट दोन्ही करा, भांडण मिटलं.

कैरीताई, आधी अमोनिया मोजा. थेंबांची टेस्ट किट मिळते. कागदी पट्ट्यांच्या काही पाकिटांत अमोनियाचा चौकोनच नसतो, बघून घ्या.

शेवंती

भांडण मिटलं नाही, पण मनी प्लांट घेतलात म्हणून सोडते.

कोथरूडची_कैरी

मोजला. बाटलीतलं पाणी हिरवं झालं, तक्त्यावर 1 आणि 2 च्या मध्ये कुठेतरी. हे वाईट आहे ना?

मुळामुठा

वाईट आहे, हाताबाहेर नाही. शून्य हवा. आज निम्मं पाणी बदला, उद्यापासून रोज पाव. नळाचं पाणी क्लोरीनविरोधी थेंब घालूनच टाका आणि हाताला टाकीइतकंच कोमट लागेल असं करून टाका. डिसेंबरात नळाचं गार पाणी थेट ओतलंत तर पंत आजारी पडतील. दाणा दिवसाला दोनच. आणि दुकानदाराने निळं औषध दिलं असेल तर ते घालू नका. त्याने जिवाणूही मरतात, आपल्याला तेच वाढवायचेत.

कोथरूडची_कैरी

निळं औषध खिडकीत आहे. घातलंही होतं, सहा थेंब. पाणी आकाशी झालं तेव्हा लेकीला फार आवडलं होतं.

शून्य_वॉट

स्पंज फिल्टर ठरत असेल तर विजेचं सांगतो, मी याच धंद्यातला आहे. माझ्या ओळखीत एकांनी हवेचा पंप टेबलाखाली जमिनीवर ठेवला होता, वर दिसायला नको म्हणून. रात्री वीज गेली. पंप थांबला की नळीत उलटा प्रवाह सुरू होतो. टाकीतलं पाणी नळीतून खाली, पंपातून एक्स्टेंशन बोर्डावर. सकाळी टाकीत चार बोटं पाणी, जमिनीवर तळं, आणि वीज परत आल्यावर बोर्डातून चटचट. मासा जिवंत होता, हवा घेणारा म्हणूनच. माणसं वाचली ती नशिबाने.

म्हणून पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. तसं जमत नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह हवाच. वीस-तीस रुपयांची चकती असते, हवा एकाच बाजूला जाऊ देते. फुंकर मारून दिशा बघा, लोक उलटी लावतात आणि मग "पंप खराब निघाला" म्हणून भांडतात. खरं तर वर ठेवला तरी लावा. आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. हीटरच्या वायरलाही तेच. पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद.

खर्चाचं म्हणाल तर 3 वॉटचा पंप चोवीस तास महिनाभर चालला तरी दोन-सव्वादोन युनिट होतात. फिल्टर रात्री बंद करू नका. जिवाणू तासन् तास साचल्या पाण्यात राहिले की मरायला लागतात.

ठाणे_स्लो

आवाजाचं कोणी बोललं नाही. हवेचे पंप घुमतात. आमच्याकडे सासरे म्हणायचे, "भिंतीत भुंगा शिरलाय का?" जुन्या टॉवेलची चौपदरी घडी करून पंप त्यावर ठेवला, भिंतीला टेकू दिला नाही, आवाज निम्मा झाला. उरलेला आवाज बुडबुड्यांचा. स्पंज फिल्टरच्या आत नळीच्या टोकाला छोटा एअरस्टोन, म्हणजे बारीक छिद्रांचा खडा, बसवला की बुडबुडे बारीक होतात, गुडगुड जाऊन फुसफुस येते.

मुळामुठा

एअरस्टोनचं मीही सांगणार होतो. झोत कमी करायचा तर नळीला बारीक प्लास्टिकचा नळ लागतो. पण तो आवळत गेलात की पंपातल्या रबरी पडद्यावर ताण येतो. त्यापेक्षा टी जोडणी लावा आणि जास्तीची हवा दुसऱ्या तोंडातून बाहेर सोडून द्या. ज्या पंपाला स्वतःचं बटण आहे त्याला ही भानगड नको. उभी नळी कापून तिचं तोंड पाण्याखाली दोन बोटं ठेवा. वर काढलंत तर बुडबुडे फुटून शिंतोडे उडतात.

बरोबर जमलंय की नाही हे पंतच सांगतील. एका जागी स्थिर राहू शकतात का, दाण्यावर नेम धरता येतो का, वर हवा घ्यायला सरळ जातात का. पंख मिटून कोपरा धरला तर अजून कमी करा. काही फायटर प्रवाहाच्या त्रासाने स्वतःचीच शेपटी चावतात. त्या चिरेकडे लक्ष ठेवा.

शेवंती

चीर प्लास्टिकच्या झाडानेही पडते. जुनी नायलॉनची ओढणी त्या झाडावरून ओढून बघा. धागा अडकला तर झाड बाहेर.

कोथरूडची_कैरी

ओढणी अडकली. झाड कचऱ्यात. ओढणीही.

साडेसाती

पुढच्या प्रतिसादात साडी जाणार.

भातखाचर

बदामाची पानं कोणी सुचवली नाहीत अजून! रस्त्याकडेला ती आडव्या फांद्यांची देशी बदामाची झाडं असतात ना, त्यांची लाल होऊन गळलेली, वाळलेली पानं. फवारणी नसलेल्या, गाड्यांच्या धुरापासून लांबच्या झाडाची घ्या, धुवा, एक पान टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. फायटरला ते आवडतं, आणि मोठं पान वर तरंगत असेल तर खालचा प्रवाह मोडतो.

वऱ्हाडी_वांगं

चहा पंतांना अन् आम्हाले नाही?

मुळामुठा

चहाचं पाणी चालेल, पण त्याने अमोनिया जात नाही, एवढंच लक्षात ठेवा.

कैरीताई, नवा स्पंज आज लावलात तरी जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी सिंहगड रस्त्याला राहतो. माझ्या टाकीत दोन स्पंज आहेत, एक तुम्हाला देतो. दोन वर्षांचा जुना, काळाकुट्ट, पण जिवाणूंनी भरलेला. माझ्या टाकीत वर्षभर रोगराई नाही, म्हणून देतोय. कोणाच्याही टाकीतला कधी घेऊ नका. तो वाळता कामा नये, नळाखाली धुता कामा नये, आणि त्याच दिवशी टाकीत गेला पाहिजे.

कोथरूडची_कैरी

देवासारखे धावून आलात. शनिवारी कर्वे पुतळ्यापाशी येऊ?

मुळामुठा

या. अकरा वाजता. हातात श्रीखंडाचा डबा असलेला माणूस मी.

कोथरूडची_कैरी

शनिवारचा वृत्तान्त. मुळामुठांनी स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, अर्धा किलोच्या श्रीखंडाच्या डब्यात आणला होता. आम्ही सिग्नलपाशी उभे राहून डब्यात डोकावत होतो, शेजारच्या आजोबांनी विचारलं, "घरचं का?" मी घरी आले, डबा ओट्यावर ठेवला, पंप लावायला बाहेर गेले. परत येते तर डबा नाही. सासूबाईंनी फ्रिजमध्ये ठेवला होता. "आंबट होईल गं उन्हाने," म्हणाल्या. दुपारच्या जेवणाला वाढायच्या बेतात होत्या.

डबा फ्रिजमध्ये पाऊण तास होता. जिवाणू मेले असतील का?

मुळामुठा

पाऊण तासात काही होत नाही, गारठून सुस्तावले असतील. लावून टाका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि झाकण उघडलं होतं का तेवढं विचारा.

कोथरूडची_कैरी

उघडलं होतं. म्हणूनच आज मी स्वयंपाक केला.

निवांत_नाना

या धाग्याला मी बाटलीतून सुरुवात केली आणि तो डब्यात जाऊन पोचला.

शून्य_वॉट

चेक व्हॉल्व्ह लावला का? कोणीच सांगत नाही.

कोथरूडची_कैरी

लावला. फुंकर मारून बघितला. पहिल्यांदा उलटाच लावला होता.

ठाणे_स्लो

एक राहिलं. स्पंज महिन्यातून एकदा धुवायचा तो पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात. बादलीत दोन-तीनदा पिळा, कॉफीसारखं पाणी निघेल, बास. पांढराशुभ्र करायच्या नादात नळाखाली चोळलात तर क्लोरीनने जिवाणू जातील आणि परत पहिल्यापासून सगळं.

कोथरूडची_कैरी

बरेच दिवसांनी येतेय, साडेतीन आठवडे झाले. पहिला आठवडा रोज पाणी बदललं, नंतर दिवसाआड. परवापासून अमोनिया शून्य, सलग तीनदा मोजला. नायट्राइट मात्र अजून 0.25 च्या आसपास रेंगाळतोय, म्हणून पाणी बदलणं चालू आहे. मोटरवाला फिल्टर दुकानदाराने परत घेतला नाही, तो माळ्यावर आहे. मनी प्लांटला पाण्यात पांढरी मुळं फुटली. बदामाचं पान टाकलंय, सासूबाई म्हणतात काढा झालाय.

पंप टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे, टॉवेलच्या घडीवर. हवा इतकी कमी केलीय की बुडबुडे मोजता येतात. पंत आता सगळ्या टाकीभर फिरतात. दुपारी स्पंजच्या माथ्यावर पोट टेकवून झोपतात, लेक पहिल्यांदा बघून घाबरली होती. चिरेच्या कडेला काचेसारखा पारदर्शक नवा पडदा येतोय. आणि काल सकाळी पानाखाली पंतांनी बांधलेलं फेसाचं घरटं दिसलं, चमचाभर. फिल्टरच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाणी जराही हलत नाही, बरोबर तिथेच.

एक मात्र विचारायचंय. मुळामुठा, तुमच्या स्पंजबरोबर काही आलं होतं का? काचेवर राईएवढ्या गोगलगायी दिसतायत. काल तीन होत्या, आज अकरा मोजल्या.

मुळामुठा

अं... त्या भेट होत्या.

साडेसाती

श्रीखंडातली चारोळी.

शेवंती

दाणा कमी करा, त्या आपोआप कमी होतील. आणि गोगलगायींसाठी वेगळा धागा काढा, मला त्यावर बरंच बोलायचंय.